कोरियन सिरीयल, 'सूत्रं' आणि आमचा धंदा

आठवडाभरापासून इनबॉक्समध्ये दोन प्रश्न पडून आहेत.

पहिला मित्रांचा. "काय बे, पत्रकार माणूस तू, अन् रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कोरियन सिरीयल पाहून राहिला? आमच्या घरी पोरी पाहतात ते?"

दुसरा वाचकांचा. "भाऊ, त्या माणसाला पोलिसांनी नेलं, सगळ्या ग्रुपवर फोटो फिरून राहिला, अन् तुमच्या पेजवर एक ओळ नाही. मॅनेज झाले काय?"

दोन्हींचं उत्तर एकच आहे. जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी कबुली. हो, पाहतो. २०२० च्या लॉकडाऊनपासून पाहतो. तेव्हा छापील पेपर घरोघरी पोचणंच बंद झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी संध्याकाळी सात वाजता घरी होतो. बायको आणि मुलगी 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावून बसल्या होत्या. दक्षिण कोरियातली अब्जाधीश बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते, तिथला लष्करी कप्तान तिला लपवून ठेवतो. मी मोठ्याने हसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पाहायचं तर चूप बसून पाहा."

चूप बसून पाहिलं. चौथ्या-पाचव्या भागात एक रेल्वेगाडी वीज गेली म्हणून अधेमधे थांबते, आणि प्रवासी कुरकुर न करता उतरून शेतात शेकोट्या पेटवतात, रात्र काढतात. गावातल्या बायका दुरून हसतात, जवळ आल्यावर भांडतात आणि अडचणीत मात्र धावून येतात. म्हटलं, हे लिहिणाऱ्यांनी माणसं पाहिलेली आहेत. नंतर वाचलं की लेखनाच्या चमूत उत्तर कोरियातून पळून आलेला माणूस होता. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या विदर्भातल्या माणसाला ती गाडी परकी वाटलीच नाही.

तिथून जो लागलो तो लागलो. आता माझी मतं. पटली नाही तर कमेंटमध्ये भांडा.

ह्युन बिन दिसायला राजबिंडा, पण ती मालिका सन ये-जिनची आहे. तो स्थिर उभा राहतो, ती सगळं काम करते. यावर आमच्या घरी दोन वर्षं वाद चालला. मार्च २०२२ मध्ये त्या दोघांनी खरंच लग्न केलं, तेव्हा बायको म्हणाली, "बघा, तिला पटला ना? मग तुम्हाला काय त्रास आहे?" वाद मिटला. मी हरलो.

'रिप्लाय १९८८' ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आधी ती पाहावी. सोलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं, ऑलिम्पिकचं वर्ष. संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी भाजीची वाटी जाते आणि ती वाटी रिकामी परत येत नाही. महालातल्या वाड्यात जे वाढले त्यांना वेगळं सांगायला नको. त्यातला बाप म्हणजे सुंग डाँग-इल. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेला, म्हणून अर्ध्या तळघरात बिऱ्हाड. मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठीच्या केकवरच उरकतात, ती एकदा फुटते, आणि मग हा माणूस रात्री गल्लीत तिच्यासाठी वेगळा केक घेऊन उभा राहतो, माफी मागतो. आपल्याकडच्या किती मालिकांमध्ये बापाला मुलीची माफी मागताना पाहिलं, जरा आठवून सांगा.

गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली म्हणाल तर २०२५ ची 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. टँजरिन म्हणजे आपल्या संत्र्याची चुलत बहीण, त्यामुळे संत्रानगरीचा तेवढा हक्क लागतो. जेजू बेट, समुद्रात बुडी मारून पोट भरणारी आई, कविता लिहायचं स्वप्न असलेली मुलगी. तिच्या सासरी बायका वेगळ्या, लहान टेबलावर जेवतात. एक दिवस तिचा नवरा काही न बोलता पाठ फिरवतो आणि बायकोच्या टेबलाकडे तोंड करून जेवायला लागतो. भाषण नाही, पार्श्वसंगीताचा दणका नाही. माझ्या आईने तो प्रसंग दोनदा लावायला सांगितला. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही.

दोषही आहेत, आंधळा भक्त नाही मी. हिरो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकाचा मुलगा निघतो. गोष्ट अडली की कुणाची तरी स्मृती जाते, नाहीतर कोपऱ्यावरून ट्रक येतो. कुणालाही भूक लागली की सगळे एकाच कंपनीचं सँडविच खातात, कारण त्या कंपनीने पैसे दिलेले असतात. पण बहुतेक मालिका सोळा भागांत संपतात. संपतात हो! आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली, तिच्या नावात चारच दिवस होते.

आणखी एक. यातल्या अनेक गाजलेल्या मालिका बायकांनी लिहिलेल्या आहेत. 'क्रॅश लँडिंग' पार्क जी-उनने, 'अॅटर्नी वू' मून जी-वॉनने, आणि आता जिच्याबद्दल बोलायचं आहे ती 'माय मिस्टर' पार्क हे-यंगने.

इथून गंमत संपते.

'माय मिस्टर' २०१८ ची. कोरियन नावातला शब्द 'आजशी', म्हणजे साधारण 'काका', रस्त्यावरच्या कुठल्याही मध्यमवयीन माणसाला मारायची हाक. हा काका म्हणजे पार्क डाँग-हून, इमारती पडतील की टिकतील हे तपासणारा अभियंता. वय पंचेचाळीसच्या आसपास. कॉलेजात त्याला ज्युनिअर असलेला पोरगा आता ऑफिसात त्याचा साहेब आहे आणि त्याच साहेबाशी त्याच्या बायकोचं प्रकरण आहे. एक भाऊ धंद्यात बुडालेला, दुसरा सिनेमात फसलेला. तिघे भाऊ संध्याकाळी मोहल्ल्यातल्या त्याच त्या बारमध्ये बसतात, रविवारी फुटबॉल खेळतात. चाळिशी पार केलेल्या, नोकरीत बाजूला पडलेल्या कुठल्याही माणसाने ही मालिका पाहावी आणि शांत राहून दाखवावं. मला जमलं नाही.

ती भूमिका केली ली सन-क्यूनने. 'पॅरासाइट'मधला श्रीमंत घराचा मालक आठवतो? तोच. दाट, खालच्या पट्टीतला आवाज. माझ्या मते त्या पिढीतला सगळ्यात मोठा नट, कारण तो काहीच करत नाही असं वाटतं. मान खाली घालून मेट्रोतून घरी चाललेला माणूस एवढंच तो दाखवतो, आणि आपल्याला त्याच्या पायातलं ओझं कळतं. समोर आयू, एकवीस वर्षांची कर्जात पिचलेली पोरगी, घरी ऐकू-बोलू न शकणारी आजारी आजी. आयू मूळची गायिका, पण या मालिकेनंतर तिला 'गायिका' म्हणून बाजूला ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता गोष्टीतली कळ. ही पोरगी पैशासाठी त्याच्या फोनवर पाळत ठेवते. दिवसरात्र त्याचं खासगी बोलणं चोरून ऐकते. त्याला नोकरीतून उडवायला काहीतरी सापडेल म्हणून ऐकते. आणि ऐकता ऐकता तिला कळतं की हा माणूस चांगला आहे. चोरून ऐकणारीच त्याची सगळ्यात मोठी साक्षीदार होते. २०१९ च्या बेकसांग पुरस्कारांत ही सर्वोत्कृष्ट मालिका ठरली. तो कोरियातला मोठा सन्मान.

ऑक्टोबर २०२३. एका प्रादेशिक वृत्तपत्रात बातमी आली. आमच्यासारख्याच, राजधानीबाहेरच्या पेपरात. चाळिशीतला एक आघाडीचा अभिनेता, 'एल' आद्याक्षराचा, अंमली पदार्थांच्या चौकशीत. नाव नाही, फक्त एक अक्षर. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला नाव माहीत होतं.

इंचॉनच्या पोलिसांनी त्याला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा दाराशी कॅमेऱ्यांची रांग, तिन्ही वेळा तो थांबला, वाकला, माफी मागितली. तपासण्या झाल्या, त्यात अंमली पदार्थ सापडले नाहीत. आपल्याला फसवून दिलं गेलं, ते काय आहे माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला ब्लॅकमेल केलं जात होतं, त्याची तक्रारही त्याने दिली होती. पुढे त्या प्रकरणात दोघींना न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पण ते पुढे.

नोव्हेंबरमध्ये देशाच्या सार्वजनिक वाहिनीने त्याचं एका बाईशी झालेलं खासगी फोन संभाषण बातम्यांत ऐकवलं. तिसऱ्या वेळी त्याने विनंती केली की मला कॅमेऱ्यांसमोरून नेऊ नका. मान्य झाली नाही. ती चौकशी एकोणीस तास चालली. २७ डिसेंबर २०२३ ला तो गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. घरी बायको आणि दोन मुलं.

मालिकेत चोरून ऐकणाऱ्या पोरीला त्याच्यातला माणूस सापडला. प्रत्यक्षात त्याचं बोलणं सगळ्या देशाला ऐकवलं, आणि कुणालाच माणूस ऐकू आला नाही.

इथलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आटोपून आठवडा झाला होता तेव्हा. मी दमून घरी पडलो होतो. मुलीने येऊन सांगितलं. ती रडत होती, आणि मी पत्रकार असल्यासारखा पहिला प्रश्न विचारला, "कन्फर्म आहे का?"

१२ जानेवारी २०२४ ला बाँग जून-हो, म्हणजे 'पॅरासाइट'चा ऑस्करविजेता दिग्दर्शक, आणि इतर कलावंत सोलच्या प्रेस सेंटरमध्ये उभे राहिले. पोलिसांकडून माहिती कशी फुटली याची चौकशी करा आणि माध्यमांनी जे तपासाशी संबंधित नाही ते काढून टाका, असंही मागत होते. सांगत होते आम्हाला. मी कोरियात नाही, पण 'आम्हाला'च म्हणतो.

गंमत पाहा, हे सगळं त्यांच्याच एका मालिकेत आधी सांगून झालेलं आहे. 'पिनोकियो', २०१४ ची. आग लागते, अग्निशमन दलाचा प्रमुख आत मरतो, पण मृतदेह सापडत नाही. एक साक्षीदार म्हणतो, मी त्यांना जिवंत पाहिलं. वाहिन्या दिवसरात्र चालवतात: सहकाऱ्यांना मारून पळाला. कुटुंब उद्ध्वस्त होतं. तो साक्षीदार अशा आजाराचा असतो की खोटं बोललं की त्याला उचकी लागते. त्याला उचकी लागत नाही, म्हणून सगळे विश्वास ठेवतात. पण तो खोटं बोलतच नव्हता. तो चुकला होता. दुसऱ्याच माणसाला पाहून त्याला मनापासून वाटलं होतं की हेच ते.

हा प्रसंग पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. आता त्याचं कारण सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा नवा होता, डोक्यात 'दामिनी' मालिकेतली पत्रकार होती, आणि मी एका तालुक्याच्या गावी वार्ताहर होतो. ठाण्यात चहा पिताना एका जमादाराने सांगितलं की इथल्या पतसंस्थेत गडबड आहे आणि एका क्लार्कला दोन दिवस बसवून ठेवलं आहे. मी धावलो. बातमी लागली. मथळा माझाच होता: 'पतसंस्थेत अपहार, लिपिकावर संशयाची सुई'. नाव दिलं नाही. मी जबाबदार पत्रकार होतो ना.

त्या पतसंस्थेत लिपिक दोन. त्यातली एक बाई.

तीन महिन्यांनी लेखापरीक्षणात वेगळंच निघालं. त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. तो कात्रण घेऊन मला भेटायला आला. ओरडला नाही. म्हणाला, "साहेब, मी सुटलो एवढं छापता येईल का?" मी वरिष्ठांना विचारलं. उत्तर आलं, आपण नाव छापलंच नव्हतं, तर खुलासा कुणाचा छापायचा? मी तेच त्याला सांगितलं. तो थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "माझ्या पोराला शाळेत 'सुई' म्हणून चिडवून राहिले हो."

उठून गेला. पुढच्या वर्षी ते कुटुंब गाव सोडून गेलं असं ऐकलं. कुठे गेलं, मी शोधलं नाही. शोधायला पाहिजे होतं.

जमादार खोटं बोलला नव्हता. त्यालाही मनापासून तसंच वाटलं होतं. मला 'सूत्रांनी' जे दिलं ते मी लिहिलं, सूत्रांनाही कुणीतरी दिलं होतं. कुणालाच उचकी लागली नाही.

तुम्ही म्हणाल, हे कोरियातलं, नाहीतर तुमच्या जुन्या तालुक्यातलं. तर २०२० आठवा. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीला कॅमेऱ्यांनी कसं घेरलं होतं, तिचे खासगी मेसेज कसे वाचून दाखवले जात होते, आठवा. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तो किती लोकांनी शेअर केला? आर्यन खानच्या अटकेचे व्हिडिओ २०२१ च्या ऑक्टोबरात प्रत्येक फोनवर होते. २०२२ च्या मे महिन्यात एनसीबीनेच त्याच्यावर आरोप ठेवले नाहीत, ते किती ग्रुपवर आलं? जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात ढवळाढवळ करतो, आणि तपास सुरू असताना काय दाखवू नये याची यादीच दिली. त्याच उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या सिव्हिल लाइन्सला आहे. आम्ही रोज समोरून जातो.

एक आक्षेप येणार, मी स्वतःच घेतो. असं प्रत्येक जण गप्प बसला तर घोटाळे बाहेर कसे येतील? बरोबर आहे. म्हणून फरक सांगतो. ज्याच्या हातात जनतेचा पैसा किंवा सत्ता आहे आणि माझ्या हातात कागद आहे, त्याच्याबद्दल मी लिहीन, नावासकट लिहीन, फोन आले तरी लिहीन. पण कागद नाही, फक्त 'सूत्र' आहे आणि ठाण्याच्या दारातला एक फोटो आहे, तर ती बातमी नाही. आणि कुणाचं लग्न, कुणाचे मेसेज, कुणाचा फोन, याचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर तो कागद असला तरी माझा नाही.

तर वाचकहो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मॅनेज झालो नाही. त्या माणसाबद्दल माझ्याकडे आज कागदावर काही नाही. गुन्हा दाखल झाला तर गुन्हा दाखल झाला असं लिहीन. न्यायालयात उभा केला तर न्यायालयात काय झालं ते लिहीन. आणि सुटला तर सुटला हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहीन. हे तिसरं लिहायचं मी एकदा विसरलो आहे.

तुम्हाला एकच विनंती. त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये असेल. पुढे पाठवण्याआधी एवढं पाहा की त्याचं पोरगं कोणत्या शाळेत जातं, हे तुमच्या मोहल्ल्यात कुणाला तरी माहीत आहे.

आणि मित्रहो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर. म्हणून पाहतो कोरियन सिरीयल. बातमीत जो 'एक इसम' असतो त्याला तिथे सोळा भाग मिळतात. घरी जाताना तो कसा चालतो ते दिसतं. मला माझ्या धंद्यात तेवढी जागा मिळत नाही, पण तो इसम घरी जातो हे तरी लक्षात राहतं.

'माय मिस्टर' पाहायची असेल तर पहिले दोन भाग जड जातात, अंधार फार आहे. टिकून राहा. शेवटच्या भागाला मला फोन करू नका, मीही बोलू शकत नाही.

(मन फार जड झालं असेल, आपलं किंवा जवळच्या कुणाचं, तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. लाजू नका.)